आरोग्यभुवन विकणे आहे

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच वस्तू विकायला काढली, आणि ती विकली जाऊ नये म्हणून माणसाला जे जे करता येईल ते ते सगळं त्यांनी अत्यंत प्रामाणिकपणे केलं.

वस्तू म्हणजे टिटवाळ्याचा बंगला. नाव आरोग्यभुवन. सासऱ्यांचे वडील गिरगावात डॉक्टर होते. त्या काळी पेशंटला औषध लागू पडेना की डॉक्टर हवापालट सांगत. या डॉक्टरांनी हवापालटासाठी स्वतःच टिटवाळ्याला बंगला बांधून ठेवला, म्हणजे औषधही त्यांचं आणि हवाही त्यांचीच. पुढे पेशंट गेले, डॉक्टर गेले, बंगला राहिला. मंगलोरी कौलं, पुढे घोडागाडी उभी राहील एवढा पोर्च, खिडक्यांवर लाल-निळ्या काचांच्या कमानी, दिवाणखान्यात नक्षीच्या फरशा, सागवानी जिना. भिंतीवर पितळी बटणं, ती दाबली की टक्क असा आवाज हमखास येतो आणि दिवा लागायचा असेल तर लागतो. समोर कारंजं. त्याच्या मधोमध एक दगडी मासा तोंड उघडून उभा आहे. त्या तोंडातून पाणी आलेलं हयात असलेल्या कुणीही पाहिलेलं नाही.

आणि चहूबाजूंनी बाग. बकुळ, प्राजक्त, अनंत, तगर, नाना जातींची जास्वंद, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात सोनचाफा. तो माझ्या सासूबाईंनी लग्न होऊन आल्या त्या वर्षी लावलेला. सासूबाई गेल्या, त्यानंतर त्या झाडाविषयी बाबा कधी बोलत नाहीत. फक्त त्याला पाणी ते स्वतः घालतात, माळ्याला घालू देत नाहीत.

हरिहर टिपणीस, म्हणजे आमचे बाबा, वजनमाप खात्यात निरीक्षक होते. कल्याणच्या घाऊक बाजारात ते शिरले की दुकानदार तराजूखालचं लोहचुंबक काढून खिशात टाकायचे, असं लोक अजून सांगतात. अशा माणसाला निवृत्तीनंतर पकडायला कुणी उरत नाही. सासूबाई गेल्यावर तर घरात बोलायलाही कुणी उरलं नाही. मग त्यांना फुलचोर सापडले.

फुलचोर म्हणजे काय ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. सकाळी फिरायला निघालेली, पायात बूट, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि टोकाला आकडा लावलेली काठी घेतलेली प्रतिष्ठित मंडळी. स्वतःच्या बाल्कनीत एक कुंडी ठेवणार नाहीत, पण देवाला फूल ताजं पाहिजे. दुसऱ्याच्या कुंपणावरून फांदी खाली ओढायची आणि मालक दिसलाच तर खाली पडलेली वेचतोय असा चेहरा करायचा. बाबांनी एकेकाला गाठून सगळ्यांना पळवून लावलं. फक्त एक उरल्या. शेजारच्या टॉवरमध्ये मुलाकडे राहणाऱ्या मंदाकिनी देवधर. कल्याणच्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना पळवून लावणारा अजून जन्माला यायचा होता.

रोज सकाळी बाबा चहाचा कप घेऊन लाल काचेच्या खिडकीआड दबा धरून बसायचे. सोनचाफ्याची फांदी हलली की बाहेर येऊन ओरडायचे, "अहो बाई, झाडच घेऊन जा की घरी." त्यावर मंदाकिनीकाकू फांदी न सोडता सांगायच्या, देवाच्या फुलांना मालक नसतो. बाबा म्हणायचे, मग देवाला सांगा, अधूनमधून पाणी घालायला येत जा म्हणावं. हे संभाषण मी स्वतः इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यात शब्दाचाही फरक पडलेला मला आठवत नाही. झाल्यावर त्या फुलं घेऊन जायच्या आणि बाबा आत येऊन गरमागरम दुसरा चहा करून घ्यायचे.

एका सकाळी मात्र बाबांना स्फुरण चढलं आणि ते अनवाणी त्यांच्या मागे धावले. कारंज्यापाशी शेवाळावरून घसरले. मनगट मोडलं, कंबरेला मार लागला. मंदाकिनीकाकू कुंपणातल्या फटीतून आत आल्या, मुलाला फोन करून बोलावलं, दोघांनी मिळून बाबांना दवाखान्यात नेलं. पण त्याआधी त्यांनी हातातली फुलांची पिशवी नीट त्या दगडी माशाच्या तोंडात अडकवून ठेवली, आणि परत आल्यावर घेऊन गेल्या. त्या माशाचा तेवढाच काय तो उपयोग झाला. बाबांनी आम्हाला सगळी हकिगत सांगितली ती एका वाक्यात: चोराने ऐवज टाकला नाही.

हे सगळं विनोदी आहे असं मला तरी वाटत होतं. माझ्या बायकोला, आसावरीला, ते वाटत नव्हतं. ती ऑफिस सांभाळून दिवसाआड डोंबिवलीहून टिटवाळ्याला जायला लागली. बाबांनी एकदा फोन उचलला नाही की तिच्या हातून पोळी करपायची. महिन्या दीड महिन्यात तिचा चेहरा एवढासा झाला. शेवटी तिने बाबांना ठणकावून सांगितलं की पावसाळ्याच्या आत एकतर तुम्ही डोंबिवलीला या, नाहीतर मी इथे येते, सलिलचं सलिल बघून घेईल. सलिल म्हणजे मी. मी तिथेच पोह्यांची बशी घेऊन उभा होतो.

बाबा मुलीकडे बघून म्हणाले, ठीक आहे, विकू. पण त्यांच्या दोन अटी होत्या. एक, घराचा प्रत्येक दोष गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगणार, आणि सगळे ऐकूनही जो पहिल्यांदा हो म्हणेल त्याला घर द्यायचं, मग मागे फिरायचं नाही. दोन, बागेतलं झाड तोडायचं नाही. सोनचाफा तर नाहीच नाही.

मला वाटलं, चला, सुटलो. त्या क्षणी कुणी माझ्या पाठीत धपाटा घातला असता तर बरं झालं असतं.

जाहिरात मी लिहिली. ऐतिहासिक कंट्री हाऊस, पिरियड फीचर्स, मॅच्युअर गार्डन. बाबांनी वाचून विचारलं, पिरियड फीचर्स म्हणजे काय. मी म्हटलं, जुन्या काळच्या गोष्टी. ते म्हणाले, मग जुन्या गोष्टी असं लिही ना, आणि दिवाणखाना गळतो तेही लिही. मी म्हटलं, बाबा, जाहिरातीत असं लिहीत नाहीत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आपसूक माझ्या खिशात लोहचुंबक आहे का ते चाचपलं.

एजंट चांगदेव भोईर. तिथलाच मूळचा. त्याच्या घरची शेतं गेली, त्यावर टॉवर आले, आणि आता त्या टॉवरमधले फ्लॅट तोच विकतो. माणूस गोड आणि कामाला वाघ. त्याने पहिलं गिऱ्हाईक आणलं ते ठाण्याच्या घोडबंदर रोडचं जोडपं. त्यांना शनिवार-रविवारसाठी घर हवं होतं. बाई पोर्चमध्येच विरघळल्या. डोळे मिटून म्हणाल्या, किती पीसफुल. बाबा त्यांना थेट पलंगापाशी घेऊन गेले, बॅटरीने छपरावरचा डाग दाखवला आणि सांगितलं की भाद्रपदात इथे डाव्या कुशीवर झोपायचं, उजवीकडे थेंब पडतो. मग विहीर दाखवली. विहिरीत धामण आहे. बिनविषारी असते, बाबा म्हणाले, पण ती समोर आली की हे आठवत नाही. ते जोडपं जाताना इतक्या घाईत होतं की बाईंचा गॉगल माशापाशी राहिला.

दुसरा एक तरुण आला. त्याला घर विकत घेऊन लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने द्यायचं होतं. जिना बघून तो वेडाच झाला. बाबांनी जिन्याचा कठडा हलवून दाखवला आणि सांगितलं, नवरीला इथे टेकू देऊ नका, हा कठडा फक्त दिसायला आहे. तरीही तो टिकून राहिला, तेव्हा बाबांनी कपाटातून सरकारी टेप काढली आणि प्लॉट मोजला. कागदावरच्या मापापेक्षा जागा कमी भरली, कारण शेजारची भिंत कधीतरी आत सरकली होती. हे बाबांनाही माहीत नव्हतं. पण मोजून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला, तो आमच्या लग्नात नव्हता.

चांगदेव मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायेब, मी गिऱ्हाईक आनतो न तुमचे सासरे त्याला घालवतान. पुढच्या टायमाला त्यांना जरा देवळान न्या."

म्हणून पुढच्या वेळी आसावरी बाबांना गणपतीच्या दर्शनाला घेऊन गेली. बाबा एवढ्या सहज तयार झाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. गिऱ्हाइकाला घेऊन मी दिवाणखान्यात शिरलो तर भिंतींवर, छपरावर, फरशीवर जिथे जिथे म्हणून काही बिनसलं होतं तिथे तिथे खडूने गोल केलेला, आणि प्रत्येक गोलाकडे बाण. जिन्यावरच्या बाणाखाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, हलतो. त्या गृहस्थांनी मला विचारलं की पोलीस येऊन गेलेत का.

मी त्या दिवशी बाबांवर चिडलो. उघड चिडलो. म्हटलं, तुम्हाला विकायचंच नाहीये, दोषांचं निमित्त करताय, आणि तिकडे तुमची मुलगी हाय खाऊन मरतेय. बाबा फडकं ओलं करून खडूचे गोल पुसत बसले. पाठमोरे होते. मला लगेच वाईट वाटलं, पण बोललेले शब्द परत घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

मग केदारशेठ आला. बिल्डर. पांढरा शुभ्र शर्ट, कपाळाला गंध, वयाने लहान आणि वागायला लोण्यासारखा. आल्या आल्या बाबांच्या पाया पडला. बाबांनी दोष सांगायला सुरुवात केली. दिवाणखाना गळतो. "हरकत नाही, काका." कठडा हलतो. "हरकत नाही, काका." विहिरीत धामण आहे, जागा कागदापेक्षा कमी आहे, रस्ता इतका अरुंद आहे की पाण्याचा टँकर आत येत नाही. प्रत्येक दोषाला तो हरकत नाही म्हणायचा आणि प्रत्येक दोषामागे चांगदेवच्या कानात किंमत थोडी खाली सांगायचा. बाबांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. पावसात कुजलेलं तुळईचं टोक दाखवलं. बटणांचे शॉक सांगितले. शेवटी ते बाथरूमच्या नळापाशी उभे राहिले आणि मला कळलं की बाबांकडचे दोष संपले आहेत.

मग त्यांनी झाडांचं विचारलं. केदारशेठने हात जोडले. म्हणाला, "काका, झाडं म्हणजे आपली आईच. एका पानाला हात लावणार नाही." आणि सोनचाफ्याकडे बघून त्याने नमस्कारही केला.

बाबांनी शब्द दिला. द्यावाच लागला. अक्षय्य तृतीयेला टोकन घ्यायचं ठरलं. आसावरीच्या डोळ्यात पाणी आलं, ते सुटकेचं होतं. मला मात्र तो नमस्कार काही पचला नव्हता. झाडाला नमस्कार करणारा बिल्डर मी याआधी पाहिला नव्हता. पण मी गप्प बसलो, कारण मला माझी बायको परत हवी होती.

अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी आम्ही आरोग्यभुवनातच मुक्कामाला होतो. सकाळी सोनचाफ्याची फांदी हलली. बाबा लाल काचेआडून उठले, बाहेर गेले आणि नुसते उभे राहिले. मंदाकिनीकाकू फांदी धरून वाट बघत होत्या. बाबा ओरडेनात. शेवटी बाबा म्हणाले, "घ्या. आता थोडेच दिवस आहेत." मंदाकिनीकाकूंनी फांदी सोडून दिली. फुलं न घेता त्या कुंपणाच्या पलीकडून चालत्या झाल्या. त्या दिवशी बाबांनी दुसरा चहा केला नाही.

अक्षय्य तृतीयेला आसावरीने आंब्याची डाळ आणि पन्हं केलं होतं. केदारशेठ पेढे घेऊन आला होता. चांगदेवने इस्त्रीचे कपडे घातले होते. सगळे दिवाणखान्यात बसलो. बाबा जणू दुसऱ्याच्याच घरी आल्यासारखे खुर्चीच्या कडेला टेकून होते. केदारशेठने पाकीट पुढे केलं आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

मंदाकिनी देवधर आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या फाटकातून आत येत होत्या. काठी नाही, पिशवी नाही. ठेवणीतली नारायणपेठी नेसलेली. मागून त्यांचा मुलगा सुश्रुत, हातात हेल्मेट घेऊन, आई आता काय करणार आहे याची कल्पना नसलेल्या माणसाच्या चेहऱ्याने. त्या दारात उभ्या राहिल्या तसे आम्ही सगळे, का कोण जाणे, उठून उभे राहिलो. केदारशेठसुद्धा.

"बसा," त्या म्हणाल्या. आम्ही बसलो.

त्यांनी बाबांना विचारलं की घराचे सगळे दोष सांगूनच घर द्यायचं ही तुमची अट होती, खरं ना. बाबांनी मान हलवली. सगळे सांगितले का, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, सगळे. नळाच्या वायसरपर्यंत.

"एक राहिला," मंदाकिनीकाकू म्हणाल्या. "या बागेतली फुलं रोज सकाळी चोरीला जातात. पडलेली वेचते असं मी आजवर घरी सांगत आले, ते खोटं आहे. मी काठीने फांदी ओढून तोडते. हा दोष तुम्ही यांना सांगितलेला नाही."

ज्या बाईने शाळेतल्या पोरांच्या दोन पिढ्यांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरून उभं केलं होतं, ती भर दिवसा, चारचौघांत, मुलासमोर मी चोर आहे असं सांगत होती. सुश्रुतने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. बाबांनी काकूंकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले की राहिलं खरं, पण मी त्याला दोष म्हणून कधी धरलं नव्हतं.

आता केदारशेठने गप्प बसायचं होतं. पण त्या माणसाला हरकत नाही म्हणायची इतकी सवय झाली होती की जीभ मेंदूच्या पुढे धावली.

"अहो काकू, हरकत नाही," तो हसून म्हणाला. "दिवाळीपर्यंत इथे झाडंच नसतील. फुलंच नाहीत तर चोरणार कोण?"

चांगदेवने डोळे मिटून घेतले. केदारशेठला आपण काय बोललो ते कळलं तेव्हा त्याच्या तोंडात आंब्याची डाळ होती. ती गिळून तो सांगायला लागला की म्हणजे झाडं शिफ्ट करणार, टेक्नॉलॉजी आलीय काका, मुळासकट उचलतात, टेरेसवर लावतात. बाबा उभे राहिले. मघाचा कडेला टेकलेला माणूस कुठे गेला कोण जाणे. माझ्यासमोर वजनमाप खात्याचा निरीक्षक उभा होता.

"मी तुम्हाला माझ्या घराचे सगळे दोष सांगितले," ते म्हणाले. "तुमच्याकडे एकच होता, तो तुम्ही लपवलात. तुमचं माप खोटं आहे. घर मिळणार नाही."

पाकीट त्यांनी पेढ्यांच्या डब्यावर ठेवून डबा परत केला. केदारशेठ जाताना पाया पडायला वाकला, तेव्हा बाबांनी पाय मागे घेतले. चांगदेव त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेला आणि थोड्या वेळाने एकटाच परत आला. पन्ह्याचा ग्लास उचलून म्हणाला, जाऊ द्या, मनाबी त्याचा तो झाडाचा नमस्कार पटला नव्हता.

सगळ्यांच्या अंगात वीरश्री आली होती. फक्त आसावरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती आणि रडत होती. तिने मोठ्याने विचारलं नाही, पण प्रश्न सगळ्यांना ऐकू आला. आता हे घर कोण घेणार? पावसाळा तोंडावर आला होता. बाबांची कंबर अजून दुखत होती. तत्त्व राहिलं आणि मुलगी उंबऱ्यावर. बाबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

तेव्हा सुश्रुतने घसा साफ केला. म्हणाला की त्याने जाहिरात पहिल्याच दिवशी वाचली होती. टॉवरमधला त्याचा फ्लॅट आणि आईचा कल्याणचा, दोन्ही विकले तर चांगदेवकडून कळलेल्या केदारशेठच्या शेवटच्या किमतीला पोचता येतं. त्या आधीच्या किमतीला नसतं पोचता आलं. म्हणजे बाबांनी एकेक दोष सांगून घर त्यांच्यासाठी हळूहळू खाली उतरवून ठेवलं होतं, आणि आम्ही उगाच कपाळाला हात लावत होतो.

"मग विचारलं का नाहीत?" बाबांनी मंदाकिनीकाकूंना विचारलं.

त्या म्हणाल्या, "ज्याच्या घरी चोरी करते त्याच्याकडे घर मागायला कोणत्या तोंडाने येऊ?"

बाबांनी नियमाप्रमाणे दोष सांगायला तोंड उघडलं. काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि स्वतःच सांगायला सुरुवात केली. मागची पन्हाळ गळते, शेजारची भिंत आत सरकलीय, धामण बुधवारी सकाळी विहिरीच्या कठड्यावर उन्हाला येते, प्राजक्ताला कीड लागलीय, माळी कंपोस्टचे पैसे घेतो आणि टाकतो नुसती माती. शेवटचं बाबांनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं रोज कुंपणाबाहेर उभ्या राहणाऱ्या बाईने घर आमच्यापेक्षा जास्त पाहिलं होतं. बाबा तोंडाचा आ करून ऐकत राहिले, कारंज्यातल्या माशासारखे.

शेवटी काकूंनी एवढंच विचारलं की दिवाणखाना पावसात किती गळतो, ते काही बाहेरून दिसत नाही.

आसावरीने माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं. त्या दिवाणखान्यात श्रावणात आम्ही पाच बादल्या आणि लग्नातलं घंगाळ मांडून बसतो.

बाबा म्हणाले, "थोडासा."

आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस मापात खोटं बोलला होता, आणि इतकं वाईट बोलला होता की मंदाकिनीकाकूंना ताबडतोब समजलं. त्या पदराआड हसल्या आणि आसावरीकडे आंब्याची डाळ मागितली.

पावसाळ्याच्या आत बाबा डोंबिवलीला आले. सोबत दोन ट्रंका, सरकारी टेप आणि सासूबाईंचा फोटो. आसावरीची झोप परत आली, पोळ्या करपायच्या थांबल्या. सगळं छान झालं, फक्त बाबांचं कशात मन लागेना. सकाळी ते बाल्कनीत बसायचे आणि समोरच्या बिल्डिंगच्या ड्रेनेज पाइपाकडे बघायचे. दाराच्या कडीला रोज पहाटे फुलपुडी येते आमच्याकडे. बाबांनी पहिल्या दिवशी ती उघडली. दोन शिळी जास्वंदं, झेंडूच्या पाकळ्या आणि चार दुर्वा. त्यांनी ती तराजूत घालावी तशी तळहातावर तोलली आणि म्हणाले, देवाला हे द्यायचं? देव तक्रार करत नाही म्हणून काहीही खपवतात.

मग ते दर मंगळवारी टिटवाळ्याच्या गणपतीला जायला लागले. आम्हाला बरं वाटलं. दर मंगळवारी घरात सोनचाफ्याचा वास दरवळायचा, आणि सासूबाईंच्या फोटोसमोर एक फूल दिसायचं. देवळाबाहेर सोनचाफा चांगला मिळतो वाटतं, असं मी एकदा म्हणालोही. बाबा वर्तमानपत्रामागे गेले.

कंबरेचं दुखणं पुन्हा वर आलं तेव्हा आसावरीने मला त्यांच्याबरोबर पाठवलं. टिटवाळ्याला उतरल्यावर बाबा देवळाकडे वळलेच नाहीत. रिक्षावाल्याला त्यांनी जुनाच पत्ता सांगितला. आरोग्यभुवनाच्या कुंपणाशी पोचल्यावर त्यांनी झुडपातून एक काठी काढली. टोकाला आकडा लावलेली. खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढून माझ्या हातात दिली आणि सोनचाफ्याची फांदी सराईतपणे खाली ओढली.

मी म्हटलं, बाबा, फाटक सताड उघडं आहे, आत जाऊन मागितलीत तर त्या टोपलीभर देतील. ते म्हणाले, मला माहीत आहे, मंगळवारी त्या मुद्दाम उघडं ठेवतात, पण मागून घेतलेल्या फुलाला काही मजा नाही.

तेवढ्यात आत लाल काचेच्या खिडकीआड काहीतरी हललं. दार उघडलं आणि मंदाकिनीकाकू चहाचा कप हातात घेऊन पोर्चमध्ये आल्या.

"अहो टिपणीस," त्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात ओरडल्या, "झाडच घेऊन जा की घरी."

बाबांचा चेहरा मी इतक्या दिवसांत असा पाहिला नव्हता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या टिटवाळ्याला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "देवाच्या फुलांना मालक नसतो, बाई."

मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "पिशवी नीट धर, सलिल. आणि बुटांच्या नाड्या बांध. आता त्या धावत येतील."